पेजेचा मान

आपल्या भाषेत 'पोट भरले' आणि 'मन भरले' हे दोन निरनिराळे प्रयोग आहेत, आणि त्यांतला फरक कोणाला समजावून सांगावा लागत नाही. लग्नाच्या पंगतीत पोट भरून जाते तरी मन भरत नाही. आजारी माणसाचे मन दोन घासांतच भरते आणि पोट मात्र रिकामे राहते. याखेरीज 'अर्धपोटी' असा एक शब्द आहे. तो नुसता उच्चारला तरी त्याच्यामागे गरिबी येऊन उभी राहते. स्वेच्छेने कमी जेवणाऱ्याला आपण उपवास करणारा म्हणतो, नाइलाजाने कमी जेवणाऱ्याला उपाशी म्हणतो. पण वजन उतरवण्यासाठी ज्याला कमी खावयाचे आहे, त्याच्यासाठी आपल्याजवळ घरचा असा शब्द नाही. 'डाएट' हा शब्द आपण बाहेरून आणला आणि त्याच्याबरोबर अर्धपोटी राहण्याची भीतीही आणली.

ती भीती अनाठायी आहे, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे. कमी उष्मांक घेऊनही पोट अगदी तुडुंब भरू शकते. ही विद्या आपल्या वसईच्या चुलींना फार पूर्वीपासून ठाऊक होती. पण ती गरिबीच्या घरी जन्मली, म्हणून चार माणसांत तिची ओळख सांगावयास आपण संकोचतो.

२०२३ सालच्या पावसाळ्यात माझ्या रक्तातील साखर सीमारेषेवर आल्याचे तपासणीत दिसले. त्यापूर्वी वर्षभर गुडघे कुरकुरत होतेच. माझे वजन होते ७४ किलो. डॉक्टर मितभाषी. त्यांनी औषध लिहिले नाही; वजन सात टक्क्यांनी उतरवा, म्हणजे सुमारे पाच किलो, आणि रोज अर्धा तास चाला, एवढेच सांगितले. हा सात टक्क्यांचा आकडा त्यांनी मनाने काढलेला नव्हता. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना आहार आणि व्यायाम यांच्या साहाय्याने सात टक्के वजन उतरवण्याचे लक्ष्य दिले होते, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळले. पाच किलोंच्या बदल्यात एवढे मोठे दान पदरात पडणार असेल, तर ते नाकारण्याचे धाडस निदान माझ्यात नव्हते.

अडचण निराळीच निघाली. ती आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून होती.

माझ्या सासूबाईंचा जन्म १९४१ सालचा. अंगाने काटकुळ्या, डोळ्यांनी अजून तीक्ष्ण. आज हातात झारा माझ्या असला, तरी वाढण्याचा अधिकार त्यांनी सोडलेला नाही. ताटातला भात संपत आला की त्यांचा हात पुढे येणारच. मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हटले, "आई, मला आता कमी वाढा. रात्री तर मी पेजच घेईन म्हणते." त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"पेज? माझ्या घरात सून पेजेवर राहणार? बाय, लोकांनी ऐकले तर काय म्हणतील?"

तो राग नव्हता. ती जखम होती, आणि ती मला आधीपासून थोडीफार ठाऊक होती. सासूबाई लग्न होऊन या घरात आल्या त्यानंतर थोड्याच काळात १९६५ सालचा पावसाळा फसला. पुढल्या वर्षीही तीच गत. देशभर धान्याची टंचाई होती. तेव्हाचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते, ते याच दिवसांत. आमच्या घरात तेव्हा अकरा माणसे. घरची भातशेती जेमतेम, रेशनचा तांदूळ आठवडा संपण्याआधीच संपे. वाडीतला भाजीपाला पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाई आणि जो विकला जाण्याजोगा नसे तो चुलीवर चढे. मूठभर तांदळाला भांडेभर पाणी, त्यात कधी माठाची पाने, कधी दुधीची फोड, बाजूला भाजलेला सुका बोंबील. मुलांच्या वाट्याला तळातले दाट, बायकांच्या वाट्याला वरचे पातळ. वाडीत दिवसभर पाणी शिंपण्याचे आणि खुरपणीचे काम त्या पेजेवर होई. पुढे दिवस पालटले. मुले शिकली, नोकऱ्यांना लागली, आणि या घरात पुन्हा कोणाला पेजेवर राहू द्यावयाचे नाही, असे त्या माउलीने मनाशी ठरवून टाकले. वाढलेला प्रत्येक डाव म्हणजे त्या दिवसांवर मिळवलेला तिचा विजय होता. तो मी कसा नाकारावा?

म्हणून आधी मी स्वतःच विषय समजून घ्यावयाचे ठरवले. शिक्षकी पेशात उभा जन्म गेल्यामुळे, समजल्याशिवाय दुसऱ्याला सांगू नये, ही सवय अंगवळणी पडलेली आहे.

पोटाला उष्मांक मोजता येत नाहीत. जठर म्हणजे एक लवचिक पिशवी. ती ताणली गेली की तिच्या भिंतींतील मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात. अन्न आतड्यात उतरले की तेथून काही संप्रेरके रक्तात येतात आणि 'आता पुरे' असा निरोप पोचवतात. हा निरोप पोचावयास साधारण पंधरा-वीस मिनिटे लागतात; भराभर जेवणारा तोवर दुसऱ्यांदा भात घेऊन मोकळा झालेला असतो. जठर ताणले जाते ते अन्नाच्या आकारमानाने, आणि आकारमान वाढवणाऱ्या दोन गोष्टी, पाणी व चोथा, जवळजवळ फुकट आहेत. पाण्यात उष्मांक शून्य, चोथ्यात अगदी थोडे. एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात ४ उष्मांक असतात, तर एक ग्रॅम तेला-तुपात ९. म्हणून शंभर उष्मांकांसाठी तेल लागते जेमतेम दोन-सव्वादोन चहाचे चमचे. तेवढ्याच उष्मांकांची काकडी खावयाची तर अर्ध्या किलोहून अधिक चिरावी लागेल. तेलाचे दोन चमचे कालवणात कधी विरघळून गेले हे पोटाला कळतही नाही. काकडीच्या त्या ढिगाऱ्यापुढे मात्र ते हात टेकते.

वसईच्या माणसाला हे सांगावयास काकडीचीही गरज नाही. आपल्याकडची सुकेळी आठवावी. पिकलेल्या राजेळी केळ्याची साल काढून ते उन्हात दिवसच्या दिवस वाळवले की त्यातले पाणी उडून जाते. केळे आक्रसते, तांबूस होते, मधासारखे गोड लागते. पाणी गेले, पण साखर होती तेवढीच राहिली. दोन ताजी राजेळी केळी खाल्ली की माणूस पाणी पिऊन स्वस्थ बसतो. सुकेळी मात्र गप्पांच्या ओघात सहा-सात सहज संपतात, आणि सहा सुकेळी म्हणजे सहा केळीच. केळे तेच, फरक फक्त पाण्याचा. ताज्या बोंबलाचे तेच. तो बहुतांशी पाणी असतो, म्हणून तव्यावर ढीगभर टाकलेले बोंबील ताटात येईपर्यंत मूठभर होतात.

केवळ पाणी पोटात गेले म्हणजे झाले, असेही नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विद्यापीठात बार्बरा रोल्स या विदुषींनी भूक आणि तृप्ती यांच्या अभ्यासात आयुष्य घालवले. १९९९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडला. चोवीस स्त्रियांना वेगवेगळ्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी कोंबडी, भाजी आणि तांदूळ यांचा एक पदार्थ दिला. एका दिवशी तो घट्ट होता. एका दिवशी तोच घट्ट पदार्थ आणि सोबत प्यावयास पेलाभर पाणी. आणि एका दिवशी तेवढेच पाणी पदार्थातच घालून त्याचे सूप केलेले. जिन्नस तेच, उष्मांक तेवढेच. घट्ट पदार्थाबरोबर पाणी प्यायल्याने पुढच्या जेवणात काही फरक पडला नाही. पण सूप घेतलेल्या दिवशी त्या स्त्रिया आपण होऊनच कमी जेवल्या, आणि त्याची भरपाई त्यांनी रात्रीच्या जेवणातही केली नाही. प्यालेले पाणी जठरातून लगेच पुढे सरकते. अन्नात मुरलेले पाणी अन्नासोबत रेंगाळते. कोंबडी, भाजी, तांदूळ आणि भरपूर पाणी! प्रयोगशाळेत त्याला सूप म्हणतात. माझ्या सासूबाई त्याला काय म्हणतील, हे वाचकांनीच सांगावे.

त्याआधी १९९५ साली ऑस्ट्रेलियात, सिडनी विद्यापीठात, सुझॅना होल्ट यांनी ३८ पदार्थांची परीक्षा घेतली. प्रत्येक पदार्थाचा २४० उष्मांकांचा भाग खावयास देऊन पुढील दोन तास खाणाऱ्याचे पोट किती भरलेले वाटते, याची नोंद केली. पांढऱ्या पावाला शंभर गुण धरले. सर्वांत वर कोण आले असेल? साधा उकडलेला बटाटा, ३२३ गुण! सर्वांत खाली लोण्याने भरलेला क्रोसाँ हा फ्रेंच पाव, अवघे ४७. मासळीला २२५ गुण, संत्र्याला २०२. ज्या बटाट्याला आपण वजनाचा वैरी समजतो, तो उकडल्यावर तृप्तीच्या परीक्षेत पहिला येतो; तोच तेलात तळून वेफर झाला की त्यातले पाणी जाते, जागा तेल घेते आणि त्याची सारी पुण्याई संपते. मासळीच्या यशात मात्र पाण्याबरोबर प्रथिनांचाही वाटा आहे. प्रथिने पोटात असली की भूक लवकर डोके वर काढत नाही.

नुसते उपाशी राहून वजन उतरवणारेही आपण पाहतो. लग्नाची तारीख ठरली की मुली महिनाभर सफरचंदावर राहतात, आणि सांताक्लॉजच्या झोळीसारखे गेलेले सारे पुढल्या नाताळापर्यंत परत येते. यात त्यांचा दुबळेपणा नाही. २०११ साली मेलबर्नच्या संशोधकांनी दाखवून दिले की, कडक आहाराने वेगाने वजन उतरवलेल्या माणसांत भूक वाढवणारी आणि तृप्ती देणारी संप्रेरके वर्षभरानंतरही पूर्वपदावर आलेली नव्हती. भूक पूर्वीपेक्षा अधिकच होती. शरीर दुष्काळ विसरत नाही. सासूबाईंप्रमाणे तेही पुढच्या टंचाईची तयारी करीत बसते. अलीकडे आठवड्यातून एकदा टोचावयाची सेमाग्लुटाइडसारखी औषधे आली आहेत. तीही आतड्यातील एका तृप्तीच्या संप्रेरकाचीच नक्कल करतात. ज्यांना ती डॉक्टरांनी द्यावी त्यांनी जरूर घ्यावीत. पण एवढ्या महागड्या औषधाचे कामही अखेर पोट भरल्याचा निरोप पोचवण्याचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तृप्तीचे मोल कळते.

हे सारे सासूबाईंना कसे सांगावे, या विचारात मी असतानाच पावसाळा सरला आणि अंगणात सुकेळ्यांसाठी केळी सोलण्याचे काम निघाले. त्या सोलत होत्या, मी सुपात मांडत होते. मी सहज विचारले, "आई, एवढी टोपलीभर केळी, आणि सुकल्यावर डबाभरसुद्धा होत नाहीत. जाते काय यातले?"

"पाणी जाते, दुसरे काय? गोडी कुठे जात नाही."

"मग एखाद्याला पोट भरायचे असेल, पण गोडी कमी हवी असेल, तर त्याने काय करावे?"

त्यांनी सुरी थांबवली. पुष्कळ वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेव्हा आम्ही पाणी घातले ते घरात तांदूळ नव्हता म्हणून. तू घालणार ते घरात तांदूळ आहे म्हणून. असेच ना?"

मला वर्षभर वाचून जे सांगता आले नसते, ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितले.

त्या रात्री पेज त्यांनीच रांधली. मात्र १९६५ची नव्हे. आहारतज्ज्ञ बाईंनी मला आधीच बजावले होते की, नुसत्या तांदळाच्या पातळ पेजेने पोट लवकर भरते खरे, पण लवकर रिकामेही होते, आणि साखर भरभर वाढते. म्हणून मूठभर तांदळाऐवजी अर्धी मूठ तांदूळ आणि मूठभर सालीची मूगडाळ, त्यात दुधी आणि माठ, वरून लिंबू. बाजूला तव्यावर थेंबभर तेलात भाजलेली मासळी. दुपारच्या ताटात आम्ही जागांची अदलाबदल केली: पूर्वी जेथे भात होता तेथे भाजी आली आणि भाजीच्या जागी भात गेला. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात सुमारे १३० उष्मांक; पडवळ, शिराळे, दुधी यांत त्याच्या पंचमांशाहूनही कमी, अर्थात फोडणीचे तेल मोजून घातले तर. जेवणाची सुरुवात भाताने न करता काकडी-टोमॅटोने आणि वाटीभर साराने. नारळ बंद केला नाही, वाटण निम्मे केले. ताट पूर्वीइतकेच भरलेले दिसते, जेवावयास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागतो, आणि उठताना कोठे काही कमी पडले असे वाटत नाही. लग्ने, सण, फेस्त आलीच. त्या दिवशी इंदेलही खाल्ले आणि फुगेही, मनापासून खाल्ले. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेज.

चौदा महिन्यांत वजन साडेपाच किलो उतरले. साखर सीमारेषेच्या अलीकडे आली. गुडघे अजून कुरकुरतात, पण चर्चच्या पायऱ्या आता कठडा न धरता चढते.

अन्नाविषयी आपल्या श्रद्धेची परंपरा काय सांगते, याचाही या निमित्ताने थोडा धांडोळा घेतला. खादाडपणा सात प्रमुख दुर्गुणांपैकी एक, एवढे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. पण संत ग्रेगरींच्या आधाराने संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा सोस धरणे, अति खाणे, हावरेपणाने खाणे आणि रांधण्याचे नको तितके चोचले पुरवणे. पाचांत प्रमाणाचा संबंध एकाशीच आहे. अंगाने जाड असणे हा तर त्यांतला एकही प्रकार नव्हे. म्हणून कोणाच्या देहाकडे पाहून त्याच्या जिभेची परीक्षा करणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यांत जेवणाचे माप आहे: शिजवलेले दोन पदार्थ, म्हणजे एक न रुचल्यास दुसरा असावा, फळे किंवा कोवळी भाजी मिळाल्यास तिसरा, आणि दिवसाला एक रतल पाव. शिवाय जेवताना सर्वांनी मौन पाळून वाचन ऐकावे. संन्याशांनासुद्धा त्यांनी अर्धपोटी ठेवले नाही. संथपणे, मापात, भाजीसह जेवावयास बसवले. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला ख्रिस्तसभा उपवास सांगते, त्यातही एक पूर्ण जेवण आहेच. आणि पाच भाकरी व दोन मासे यांची कथा आठवावी. शुभवर्तमान सांगते की सर्व लोक जेवून तृप्त झाले, आणि मग उरलेले तुकडे गोळा करण्यात आले. तृप्ती हे तेथे देणगी म्हणून आले आहे, आणि उरलेले टाकून न देणे ही त्या देणगीची राखण.

एक सावधगिरी सांगावयास हवी. वाढती मुले, गरोदर स्त्रिया, आजारातून उठलेली माणसे आणि वृद्ध यांनी हा माझा मार्ग धरू नये. मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन चालू असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ताटात फेरफार करू नयेत. हे मी आमच्याच घरातून शिकले. सासूबाईंचे वजन गेल्या काही वर्षांत घटत चालले आहे. त्यांची भूक पाखराएवढी. चार घासांत पोट भरते. त्यांना माझ्या अगदी उलट हवे, म्हणजे थोड्या घासांत पुष्कळ सत्त्व. तेव्हा आता आमच्या घरी रात्रीची पंगत अशी बसते: माझ्यापुढे खोलगट थाळीत मुगाची पेज आणि एखादे ताजे फळ, त्यांच्यापुढे लहानशा बशीत तूप घातलेला मऊ भात, अंडे किंवा मासळीचा तुकडा आणि शेवटी एक सुकेळे. माझ्या अन्नात पाणी घालावयाचे, त्यांच्या अन्नातले काढावयाचे. दोघींची पोटे भरतात.

प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आपण कोठाराची मागणी करीत नाही. एका दिवसाला पुरेल एवढेच अन्न मागतो. 'पुरेल' म्हणजे किती, हे मात्र प्रत्येकाने आपापल्या देहाला आणि दिवसाला विचारून ठरवावयाचे असते. आमच्या घरात ते ठरवताना आता कोणाला लाज वाटत नाही. परवा पाहुणे आले तेव्हा सासूबाईंनी आपण होऊन त्यांना विचारले, "पेज घेणार का? आमच्याकडे रोज होते."